पान न उलटता

कुणीतरी बाहेरून कुलपात किल्ली घालून खटपट करत होतं. किल्ली आत जायची, अडायची, बाहेर यायची… पुन्हा आत. घाई नाही, धडपड नाही. चोर असता तर इतक्या निवांतपणे थोडाच आला असता? तरी खबरदारी म्हणून गोष्टीताईने कोपऱ्यातली छत्री उचलली आणि दार उघडलं.

दारात एक उंच माणूस उभा होता. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी, अंगात जाडजूड स्वेटर, आणि किल्ली धरलेला हात तसाच हवेत.

“हे माझं घर आहे,” ती म्हणाली.

“असं कसं? किल्ली तर माझी आहे.”

“किल्ली तुमची असेल. कुलूप आमचं आहे.”

तो जरा विचारात पडला. मग ओठाचा एक कोपरा वर गेला. “म्हणजे मी एक मजला आधीच थांबलो म्हणायचं. डोंगरात कधी चुकलो नाही हो, जिन्यात चुकलो. कुणाला सांगू नका… त्यावरच माझं पोट चालतं.”

गोष्टीताईने छत्री हळूच कोपऱ्यात ठेवून दिली. त्याला ती दिसणार नव्हती, तरी तिला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहत. हा त्यांचा धाकटा भाऊ. बर्फातल्या खिंडींमधून लोकांना पलीकडे नेऊन सोडायचं, हा त्याचा धंदा. सगळे त्याला वाटाड्याच म्हणत. डोळ्यांत बर्फाच्या कपच्या गेल्या होत्या, शस्त्रक्रिया झाली होती, आणि डॉक्टर सांगतील तोवर पट्टी काढायची नव्हती. ताई शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या. हा उन्हात बसायला म्हणून भिंत धरत खाली उतरला, ऊन ढगाआड गेलं, बोटं गारठली, आणि परत चढताना हिशेब चुकला. एवढी सगळी हकीगत त्याने दारात उभ्या उभ्याच सांगितली. आतून आईने विचारलं, कोण आहे ग. गोष्टीताई म्हणाली, वरचे पाहुणे आहेत, वाट चुकलेत. आई म्हणाली, मग चहा टाक.

चहा झाला. कप त्याच्या हातात देताना त्याची बोटं आधी तिच्या मनगटाला लागली, मग कपाला. “हा कान नव्हे वाटतं,” तो म्हणाला. तिने कपाचा कान त्याच्या बोटांत नीट अडकवून दिला. त्याला लागायला हवा त्यापेक्षा किंचित जास्तच वेळ लागला. आई विणकामातून मान वर न करता खाकरली.

आता गोष्टीताईविषयी सांगायला हवं. ती मुलांच्या वाचनालयात काम करायची. पुस्तकं लावणं, फाटकी चिकटवणं हे रोजचं, पण तिचा खरा जीव गोष्टीच्या तासात. मुलं सतरंजीवर गोल बसायची आणि ती मोठ्याने वाचायची. वाचताना एक डोळा पानावर, एक मुलांवर. एखाद्याचा खालचा ओठ थरथरू लागला, की ती पानावरची नजर उचलायची आणि गोष्ट हळूच दुसऱ्या वाटेला लागायची. पुस्तकात हरवलेलं पिल्लू तिच्या तोंडून घरी यायचं. बुडालेली होडी काठाला लागायची. मुलांना पत्ता लागायचा नाही. नंतर तेच पुस्तक घरी नेल्यावर भावंडांत भांडणं व्हायची आणि पालक तक्रार घेऊन यायचे. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची, आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच.

ही सवय तिला कुठून लागली, तेही ठाऊक होतं. लहानपणी तिचं मांजर गेलं, तेव्हा आईने सांगितलं होतं की ते मावशीकडे राहायला गेलंय. कितीतरी वर्षं ती मावशीला मांजराची खुशाली विचारायची, आणि मावशीही बिचारी सांगायची. खरं कळलं तेव्हा तिला राग आला नाही. वाटलं, केवढी माया ही… आपल्याला रडू येऊ नये म्हणून दोघी जणी इतकी वर्षं एक मेलेलं मांजर सांभाळत बसल्या.

वाचनालयाला थंडीची सुट्टी लागली होती. दुसऱ्या दिवशी वाटाड्या पुन्हा आला, या वेळी ताईंच्या हाताला धरून, काखेत एक जुनं पुस्तक घेऊन. त्याच्या वाटाड्यांच्या पथकातल्या म्हाताऱ्या काकांनी ते त्याला दिलं होतं. दोन मित्र भर हिवाळ्यात एक उंच खिंड ओलांडायला निघतात, त्यातल्या एकाने लिहिलेली खरी हकीगत होती ती.

“तुम्हीच वाचा बाई,” ताई म्हणाल्या. “डोंगराचं नावसुद्धा माझ्या तोंडून निघायचं नाही. एकदा भाऊ परत मिळालाय, तेवढा पुरे.”

अशी वाचनाला सुरुवात झाली. बाहेर रस्ते ओस, खिडकीच्या काचांवर वाफ, आत शेगडीची ऊब. आई विणता विणता डुलक्या घ्यायची. गोष्टीताई वाचायची आणि वाटाड्या मान किंचित तिरकी करून ऐकायचा. मध्येच तिला थांबवायचा. ताज्या बर्फावर पाय पडला तर कसा आवाज येतो, आणि रात्रभर गोठलेल्या बर्फावर कसा, ते तोंडाने काढून दाखवायचा. आई दचकून जागी व्हायची आणि म्हणायची, काय मोडलं रे.

तिने आयुष्यात एकही डोंगर चढलेला नव्हता. पण त्या दिवसांत ती त्या दोघा मित्रांबरोबर दोराला बांधून घेऊन चालत होती… आणि पलीकडच्या खुर्चीतला माणूसही.

“तुम्ही कशा दिसता, ते मी ओळखलंय,” एकदा तो म्हणाला.

“पट्टीतून दिसतं वाटतं?”

“ऐकू येतं. वाचताना तुम्ही पाय हलवता, खुर्ची कुरकुरते. अवघड जागा आली की पाय थांबतो. पान उलटायच्या आधी बोट ओलं करता. आणि माझ्याकडे बघता तेव्हा आवाज थोडा… खाली येतो.”

“मी कशाला बघतेय तुमच्याकडे.”

“आत्ता आला बघा. खाली.”

तिने पुस्तक तोंडासमोर धरलं, जणू त्याला तिचे लाल झालेले कान दिसणार होते. त्या रात्री तिला बऱ्याच वेळाने झोप लागली. पट्टी निघाल्यावर त्याला आपण आवडू का, एवढा एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. खरं तर त्याहून मोठा प्रश्न दाराशी येऊन उभा होता.

तो दिवस फार शांत होता. बाहेर बर्फ पडत होतं, म्हणून बाकी सगळे आवाज कापसात गुंडाळल्यासारखे. पुस्तक शेवटाकडे आलं होतं. खिंडीच्या माथ्यावर एका मित्राचा पाय मोडतो. दुसरा त्याला दगडांच्या आडोशाला बसवतो, अंगावरचं सगळं त्याच्यावर पांघरतो आणि मदत आणायला एकटा खाली उतरतो. वादळ सुरू होतं. तो पडतो, उठतो, गावातली माणसं घेऊन पुन्हा वर चढतो. दगडांचा आडोसा दिसू लागतो…

गोष्टीताईची नजर सवयीने दोन ओळी पुढे धावली. मित्र गेला होता.

तिने मान वर केली. वाटाड्या खुर्चीच्या अगदी कडेला आला होता. दोन्ही मुठी गुडघ्यांवर आवळलेल्या, आणि खालचा ओठ… खालचा ओठ थरथरत होता.

मग जे इतकी वर्षं घडत आलं होतं तेच घडलं. तिने पानावरची नजर उचलली. तिच्या तोंडून त्या मित्राने डोळे उघडले. ‘किती रे वेळ लावलास,’ असं तो कुरकुरला, सगळे हसले, त्याला पाठंगुळी घेऊन खाली आणलं, पाय बरा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघे पुन्हा त्याच खिंडीत जाऊन आले. तिने ते फार सुरेख सांगितलं. इतकं सुरेख, की आईचे डोळे पाणावले. शेवटची तीन प्रकरणं उरली होती. तिने ती चिमटीत धरली, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, पुढे नुसती आभारांची पानं आहेत.

वाटाड्याने खुर्चीत मागे टेकून घेतलं. मग विचारलं, “वेळेत पोचला तो?”

“पोचला.”

“वादळ असून?”

“हो. असून.”

तो उठला, पुस्तक मागून घेतलं, नीट आभार मानले आणि भिंत धरत वर निघून गेला. आनंदाने भारावून गेला असेल, असं तिला वाटलं. तो जिना चढेपर्यंत ती दारात उभी होती, आपण काहीतरी फार चांगलं केल्याच्या उबेत.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिने चहाच्या वेळेला एक कप जास्तीचा काढला आणि परत ठेवला. आई म्हणाली, जा की वर, पाय मोडलेत का. ती म्हणाली, मी कशाला जाऊ. शेवटी ताईच खाली आल्या, हातात सुई-दोरा तसाच.

“काय वाचून दाखवलंत हो त्याला?” त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. “भिंतीकडे तोंड करून पडून आहे. जेवत नाही, बोलत नाही. इस्पितळातून आणला तेव्हा होता ना, तसा झालाय पुन्हा.”

गोष्टीताई तशीच वर गेली. शिवणयंत्राच्या पलीकडे, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून तो बसला होता. पाऊल वाजताच म्हणाला, “या. मला वाटलंच तुम्ही याल.” आणि तिने काही विचारायच्या आत त्याने आपली हकीगत सांगितली, ज्यातली एक ओळही त्याने आजवर तिला सांगितली नव्हती.

त्याचाही एक जोडीदार होता. लहानपणापासूनचा. खिंडीच्या माथ्यावर त्याचाही पाय मोडला. यानेही त्याला आडोशाला बसवलं, अंगावरचं सगळं त्याला घातलं आणि मदत आणायला खाली उतरला. गावातली माणसं घेऊन परत चढताना वरून बर्फाचा कडा कोसळला आणि कपच्या याच्या डोळ्यांत गेल्या. बाकीचे पुढे गेले. जोडीदार केव्हाच गेला होता. याने त्याला शेवटचं पाहिलंही नाही.

“सगळे म्हणाले, झोपल्यासारखा शांत दिसत होता. असेलही… पण मला काय कळणार? डोळे गेल्यापासून सगळे माझ्याशी गोडच बोलतात. ताई, डॉक्टर, पथकातली पोरं. तुझी काही चूक नाही म्हणतात. काकांनी तेवढं काही म्हटलं नाही. हे पुस्तक दिलं आणि म्हणाले, या माणसावरही तुझ्यासारखीच वेळ आली होती. पुढे तो कसा जगला ते वाच.” तो थांबला. “मला वाटलं, छापलेलं तरी माझ्या तोंडाकडे बघून बदलणार नाही.”

गोष्टीताई समोरच्या एका गठ्ठ्यावर टेकली.

“आणि तो तर पोचला. वेळेत पोचला, वादळ असून. म्हणजे पोचता येत होतं. मीच कुठेतरी बसलो असेन, कुठेतरी उगीच थांबलो असेन. चार दिवस तेच शोधतोय, मी नेमका कुठे वेळ घालवला.”

तिला बोलायचं होतं. यंत्राच्या टेबलावर कापडाखाली ते पुस्तक दिसत होतं.

“एक विचारू?” तो हळू म्हणाला. “तो आडोशापर्यंत येतो, तिथून शेवटपर्यंत… तुम्ही एकदाही पान उलटलं नाहीत. बोट ओलं केलं नाहीत. तेव्हा मला वाटलं, तुम्ही गुंगून गेलात. आता वाटतंय, इतका मजकूर एका पानावर मावतो का?”

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि तिच्या जिभेवर ते तयारही होतं. पानं मोठी आहेत, अक्षर बारीक आहे. तिने ते गिळलं.

“नाही मावत,” ती म्हणाली. “तो मित्र गेलाय पुस्तकात. मी बदललं.”

“का?”

“तुमचा ओठ थरथरत होता.”

तो हसला, पण ते हसू ऐकवत नव्हतं. “मी काय सतरंजीवर बसलेलं पोर आहे?” मग हात पुढे करून त्याने कापड बाजूला सारलं, पुस्तक चाचपलं आणि तिच्या दिशेने धरलं. “वाचा. जे आहे ते.”

तिने वाचलं. आवाज दोनदा फुटला तरी थांबली नाही. मित्र कसा सापडला, त्याच्या पापण्यांवर काय साचलं होतं, त्याचे हात कुठे होते, सगळं. मग ती शेवटची तीन प्रकरणं, ज्यांना तिने आभारांची पानं म्हटलं होतं. त्यांत तो माणूस घरी येतो. लोकांच्या नजरा चुकवतो. मित्राच्या आईसमोर जाऊन बसतो आणि तिला काहीच सांगू शकत नाही; ती त्याला म्हणते, उद्याही ये. तो जातो. रोज जातो. कुठेही माफी नाही, कुठेही समजूत नाही, नुसतं रोज जाणं. शिवणयंत्राशी ताई पाठमोऱ्या बसल्या होत्या. यंत्र कधीच थांबलं होतं. प्रत्येक पान उलटताना गोष्टीताईने ते मुद्दाम जोरात उलटलं, त्याला ऐकू जावं म्हणून.

पुस्तक संपलं तेव्हा त्याच्या पट्टीखालून एक ओली रेघ गालावर आली होती. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. त्याने ती पुसली नाही.

“हेच हवं होतं मला,” तो म्हणाला. “चार दिवसांपूर्वी.”

तिने निघायला हवं होतं, पण पाय निघेना. आत्ता नाही बोलले तर कधीच नाही, असं वाटून ती बोलून गेली. मला माफ करू नका, म्हणाली, पण एक ऐका. आपल्याला तो आवडतो. पट्टी निघो न निघो, तो पुन्हा डोंगरात जावो न जावो. तो खाली येत नव्हता त्या दिवसांत आपल्याला घर खायला उठलं होतं.

त्याचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता, आणि क्षणभर त्यावर तेच जुनं, ओठाच्या कोपऱ्यातलं काहीतरी आलं… आणि विझलं.

“हे खरं असावं असं मला फार वाटतंय,” तो म्हणाला. “तेच तर वाईट आहे. मला काय ऐकायचं असतं ते तुम्हाला माझ्या तोंडावरून कळतं. पुस्तकाचं ठीक आहे, दिसायला लागलं की मी ते पडताळून पाहीन. हे कुठे पडताळू?”

तिने पुस्तक यंत्राच्या टेबलावर ठेवलं. ती खाली आली. आईने विचारलं, काय झालं. आयुष्यात पहिल्यांदा तिने आईला जसं घडलं तसं सांगितलं, आणि आईने विणकाम बाजूला ठेवून तिचं डोकं मांडीवर घेतलं. मावशी-बिवशी कुणाचं नाव काढलं नाही.

सुट्टी संपली. वाचनालय सुरू झालं. वर पावलं वाजायची ती आता सरळ, न अडखळता वाजायची. पट्टी निघाली, असं ताईंनी आईला सांगितलं. तो खाली आला नाही, हिची वर जायची हिंमत झाली नाही.

मग एका सकाळी ती बाजारातून परत येत होती. डोक्याला टोपी, नाकापर्यंत मफलर, दोन्ही हातांत पिशव्या. इमारतीच्या दाराशी तो उभा होता, पाठीला बोजा लावून, गाडीची वाट बघत. त्याचे डोळे तिने आज पहिल्यांदा पाहिले. करडे होते, जरा लालसर, उजेडाला किलकिले केलेले. ते सरळ तिच्याकडे वळले, आणि अनोळखी माणसाकडे बघतात तसे सभ्यपणे बघत राहिले.

“तुम्ही इथेच राहता का हो?” त्याने विचारलं.

तिने मान हलवली. हो.

“पहिल्या मजल्यावर मुलांच्या वाचनालयातल्या बाई राहतात ना, मघाशी त्यांचं दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. कुठे गेल्यात माहीत आहे?”

बोलली असती तर एका शब्दात ओळखलं असतं त्याने. तिने मान हलवली. नाही.

“मग एक निरोप द्याल? सांगा, ते शेवटचं सगळं मी डोळ्यांनी वाचून पाहिलं. त्यांनी वाचलं तसंच आहे, अक्षरन् अक्षर. आणि म्हणावं, मी जोडीदाराच्या आईकडे निघालोय.” तो घुटमळला. बोजाचा पट्टा उगीच घट्ट केला. “दुसरंही एक बोलल्या होत्या त्या. ते… ते मला अजून कळत नाही. कळावं म्हणून दार वाजवलं होतं. म्हटलं, तोंडाकडे बघून विचारावं. असो.”

मफलरच्या आत तिचे ओठ उघडले. एक शब्द पुरला असता. पण तो तिच्याकडे किती मोकळेपणाने बघत होता… मनात किंतु नाही, शोध नाही. सांगितलेला निरोप ही बाई तसाच पोचवील, याबद्दल तिळमात्र शंका नाही. तो तिच्यावर विश्वास ठेवत होता, कारण ती त्याची कुणीच नव्हती. तिने तोंड उघडलं, की ते डोळे बदलणार होते. ते बदलताना तिला बघवलं नसतं.

गाडी आली. त्याने बोजा आत टाकला, वळून विचारलं, “सांगाल ना नक्की?”

तिने मान हलवली. हो.

गाडी कोपऱ्यावरून वळली. पिशव्यांचे बंद बोटांत रुतले होते, तरी ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग मफलर खाली ओढून, रिकाम्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली, “खरं होतं ते.”